मेलेल्या गोगलगायीचे सहाशे बारा संदर्भ

संशोधन संस्थेच्या दुसऱ्या मजल्यावरची भरपूर उजेडाची खोली गेली बत्तीस वर्षं बाईंकडे होती. शिपायापासून अध्यक्षांपर्यंत सगळ्यांच्या त्या 'गोगलगायवाल्या बाई'. खोलीत शंखांचे नऊशे डबे, दोन सूक्ष्मदर्शक आणि काचेच्या पेट्यांत कोबी कुरतडत बसलेल्या साठेक जिवंत गोगलगायी.

आता मुंग्यांवर संशोधन करणाऱ्या एका सहकाऱ्यानं ती मागितली होती आणि नोटीस लागली होती: ज्याचा आकडा मोठा, त्याला ही खोली. दुसऱ्यानं तळघरात जायचं, बॉयलरशेजारी. तिथे गोगलगायी आठ दिवसांत वाळून गेल्या असत्या.

आकडा एका वेबसाइटवर असे. तुमच्या लेखांचा इतरांनी आपल्या लेखांत किती वेळा संदर्भ दिला, तेवढं मोजायचं, की झाली तुमची किंमत. बाईंच्या तरुणपणी ही पारख पत्रांवरून होई. लांबून कोणी लिही, 'तुमचं चित्र पाहून माझी गोगलगाय ओळखता आली,' आणि बाई महिनाभर ते पत्र पर्समध्ये घेऊन हिंडत.

"आत्या, तुझा आकडा एकतीस," भाची म्हणाली. ती संस्थेच्याच ग्रंथालयात नोकरीला होती.

"आणि खोली मागणाऱ्या त्या मुंग्यावाल्याचा?"

"चारशे चार."

"असे काय दिवे लावले त्यानं?"

"सहा मित्र आहेत. प्रत्येक जण त्याचा आणि उरलेल्या पाचांचा संदर्भ देतो."

"वा! उंटाच्या लग्नात गाढव गवई!"

भाची पडद्यावर काहीतरी शोधत होती, ती थबकली. "आत्या, हा लेख तुझाच ना? तुझ्या नावाला जोडलेलाच नाही. सहाशे बारा संदर्भ आहेत गं!"

बाईंचा चेहरा खर्रकन उतरला. "त्याचं नाव काढू नकोस."

नोकरीच्या पहिल्याच वर्षी बाईंनी एक गोगलगाय पाळली होती. ती अन्नपाण्यावाचून अकरा महिने गाढ झोपली. बाईंनी रोज सकाळी आठला नोंद केली, एक दिवस खाडा नाही. लेख छापून आला, कौतुक झालं, आणि मग कोणीतरी तो शंख उचलून कानाशी हलवून पाहिला, तर आत सुकलेलं काहीतरी खुळखुळलं. गोगलगाय पहिल्याच आठवड्यात वारली होती. तेव्हापासून गबाळ्या संशोधनाचं उदाहरण हवं असलं, की जगभरचे लोक बाईंचा लेख पुढे करत.

"मी पुढच्याच वर्षी दुरुस्ती छापली होती," बाई पुटपुटल्या. "तिचे किती?"

"शून्य. जोडू का हा लेख?"

"अगं, जनाची नाही तर मनाची तरी लाज?"

"आत्या, लाज बाळग, पण तळघरात जाऊन बाळग!"

बाईंनी पेट्यांकडे पाहिलं. "जोड बाई."

समितीच्या बैठकीत अध्यक्ष खूश झाले. "सहाशे त्रेचाळीस! बाई, छुपे रुस्तम निघालात!"

"साहेब, त्यातले सहाशे बारा जण मला हसताहेत."

"हसेनात का! मोजले तर जातात."

"म्हणजे शिव्या आणि शाबासकी एकाच टोपलीत?"

"वेबसाइट वाचत नाही हो, नुसती मोजते."

मुंग्यावाला ताडकन उठला. "हा अन्याय आहे! एका मेलेल्या गोगलगायीच्या जिवावर?"

"तू सहा जिवंत माणसांच्या जिवावर आलास, तेव्हा आम्ही काही बोललो का?" बाई म्हणाल्या. "बस खाली."

अध्यक्षांनी पेन उघडलं. "नियमानं खोली तुमची. काही आक्षेप?"

"आहे. लिहून घ्या, या आकड्यावरून माझी किंमत कळत नाही, आणि त्याचीही नाही."

अध्यक्षांनी निमूटपणे लिहिलं. मग भीतभीत विचारलं, "म्हणजे खोली नको?"

"नको कशी?" बाईंनी किल्लीसाठी हात पुढे केला. "माझ्या गोगलगायींनी तुमचं काय घोडं मारलंय?"