कोळसा आणि मीठ

रविंद्रने टेस्टरचं टोक मिक्सरच्या पत्र्याला टेकवलं आणि टेस्टरमधला दिवा लागला. लागायला नको होता. त्याने टोक शर्टाला पुसलं, चूक टोकाचीच असावी तसं, आणि पुन्हा टेकवलं. पुन्हा तेच.

मांडवात बायका हळदीच्या हातांनी बसल्या होत्या. मधोमध बुधी, रविंद्रची आई. ती धवलेरी. तिने धवला गायल्याशिवाय सिद्धगडाखालच्या वाड्यांत लग्न लागत नसे. आज नथूच्या मीनाचं लग्न होतं आणि बुधी पहिल्यांदाच माइकवर गाणार होती. हट्ट रविंद्रचा. कल्याणहून हा जुना मिक्सर आणल्यापासून आवाज वाढवण्यापलीकडे त्याला जगात दुसरं काही दिसतच नव्हतं. आता तो हट्ट अंगाशी आला होता. आईचे पाय अनवाणी, हात ओले, आणि माइकच्या जाळीत करंट.

शहापूरला एका कार्यक्रमात त्याने एक गायक माइकला चिकटलेला पाहिला होता. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. म्हणून कालच संध्याकाळी त्याने एकट्याने बसून अर्थिंग केलं होतं. मांडवामागे खड्डा, खड्ड्यात लोखंडी नळी, नळीभोवती कोळसा आणि मीठ, वर पाणी, वर माती. आज सकाळी नळीला तार बांधून ती मिक्सरला जोडली. यंत्रातून निसटलेली वीज माणसाच्या अंगात न शिरता या वाटेने जमिनीत जायची. पण ती जात नव्हती.

"काय रे, लावतस का नाय?" नथूने मांडवातून विचारलं. "पोरी कवाच्या बसल्यात."

"थांब जरा. आयेला माइक देऊ नको कोनी."

त्याने लाइट बंद केली, तार तपासली. कुठे तुटलेली नव्हती. गाठ घट्ट होती. नळी होती तिथेच होती. त्याला काही कळेना. पुस्तकात जे जे लिहिलेलं असतं ते सगळं केलं होतं, आणि पुस्तकात लिहिलेलं नसतं तेही, म्हणजे नारळ फोडला होता. शेवटी त्याने फावडं घेतलं आणि खड्डा उकरायला लागला.

माती कोरडी निघाली. वीतभर, हातभर, नुसता मुरूम. मीठ विरघळलं असं एक वेळ म्हणता येईल, कोळसा कुठे विरघळतो? तो नळीकडे बघत उभा राहिला. आपण काल खड्डा भरला की भरल्याचं नुसतं मनात आणलं, असाही एक विचार त्याला शिवून गेला.

"नको उकरू तिथं."

बुधी मागे येऊन उभी होती. तिने त्याच्या हातातलं फावडं धरलं. तिच्या बोटांची हळद दांड्याला लागली.

"का गो?"

तिने मांडवाकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "कोनीतरी पुरलेला तिथं. सकाळी चालताना पाय खचला माझा. बघते तर कोळसा न मीठ. मीनाचे लग्नात इघ्न आनाया कोनी केलेला. मी पाटीत भरला न नदीत सोडला, न खड्ड्यात मुरूम लोटला."

"न ही नळी?"

"ती मांडवाची मेख ना?"

रविंद्रला हसू आलं आणि रागही आला. दोन्ही एकदम आल्यामुळे त्याला नीट काहीच करता आलं नाही. "कोनाला सांगितलास?"

"कोनाला सांगू? नाव निघाला का गाव मोडतं. बोलले नाय कोनाजवळ."

"आये, ता मीच पुरलेला."

बुधीने हात मागे घेतला. तिच्या तोंडाकडे बघून रविंद्र घाबरला आणि भराभर सांगत सुटला. करणी नव्हे, करंटसाठी करतात असं. कोळसा ओल धरून ठेवतो. मिठाने वाट मोकळी होते. लाइट येते तिथे असा खड्डा करतातच, शहरात बिल्डिंगीबिल्डिंगीला असतो. तिने सगळं ऐकून घेतलं.

"आपले घरी लाइट आली तवा," ती म्हणाली, "लाइटवाल्यांनी आसाच खड्डा केलता?"

"केला आसल. मी शाळेत व्हतो तवा, आश्रमशाळेत. का?"

 मग त्याला नंतर कानावर आलेलं आठवलं. मीटर गोठ्याच्या भिंतीवर होतं. त्याच साली गोठ्यामागे कोळसा आणि मीठ निघालं होतं आणि त्याच आठवड्यात बैल मेला होता. भगताने भिमीकाकीचं नाव काढलं. भिमी म्हणजे बुधीची धाकटी जाव, एका चुलीवर भाकऱ्या भाजलेली. गावाने तिचं पाणी बंद केलं. ती नवऱ्याला घेऊन उंबरमाळीकडे गेली, आणि त्यानंतर बुधीच्या घरात तिचं नाव कुणी काढलं नाही. ती जायच्या आधी रविंद्र सुट्टीत घरी आला तेव्हा त्याला एवढंच सांगितलं गेलं की काकीकडे बघायचं नाही. त्याने बघितलं नव्हतं.

"आये..."

"तुजा काम कर."

त्याने आचाऱ्याकडून मीठ आणलं, चुलीतले विझलेले कोळसे आणले. खड्डा भरला, दोन घागरी पाणी ओतलं. बुधी बाजूला उभी राहून बघत होती, खड्ड्यात काय काय पडतं ते एकेक. लाइट सुरू केल्यावर त्याने टेस्टर लावला. दिवा लागला नाही. माइकच्या जाळीला लावला. तिथेही नाही. मग त्याने स्वतः अनवाणी होऊन माइक हातात धरून पाहिला, आणि तेव्हा कुठे तो आईकडे दिला.

बायका सरकून बसल्या. मीनाने मान खाली घातली. कर्णे आंब्यावर बांधलेले होते, त्यांचा आवाज ओढ्यापलीकडच्या वाडीपर्यंत जात असे.

"बोल काय तरी," रविंद्र मिक्सरमागून म्हणाला. "आवाज बघतो."

बुधीने माइक तोंडाजवळ नेला. आधी तिचा श्वास कर्ण्यांतून ऐकू आला.

"भिमीनं काय पुरला नव्हता," ती म्हणाली. "तवा आपनच चुकलो."

 नथूने चमकून रविंद्रकडे पाहिलं आणि आवाज बंद कर अशी हाताने खूण केली. रविंद्रचं बोट आवाजाच्या बटणावर गेलं. मग त्याने ते आणखी थोडं वर सरकवलं.