तांबीची भाकरी

अशी कल्पना कर, की तू सोनिया आहेस. वय अकरा. तुझ्या हातात दाढीचा आरसा आहे आणि तो अजिबात हलू द्यायचा नाही, कारण आरशासमोर तुझा आज्जा बसला आहे आणि श्वास रोखून स्वतःच्या मिशीला काजळ लावतो आहे. हसायचंही नाही. जमेल? सोनियाला जमत नव्हतं.

"आरसा हलतोय," हरिबा म्हणाला.

"मी न्हाई हलवत, आज्जा. वारं हाय."

"घरात कुटलं वारं आलंय?"

हरिबाची मिशी आटपाडीच्या बाजारात लांबून ओळखू येई. दोन्ही टोकं गालावर चढलेली, मधे पांढऱ्यात काळी रेघ. पण दोन महिन्यांमागं तिच्या उजव्या अंगाला चाई पडली होती. आधी हरभऱ्याएवढी जागा केस गळून गुळगुळीत झाली, मग रुपयाएवढी. काल सुलाबाईनं, म्हणजे सोनियाच्या आजीनं, ती लिंबाएवढी झाली असं म्हटलं आणि त्यावरून नवराबायकोत चांगलंच वाजलं.

"काजळ फासून डॉक्टरला काय दावणार?" सुलाबाई चुलीपासून म्हणाली. "त्यानं चाई बघायची का काजळ?"

"येष्टीत मान्सं असत्यात."

"असू द्यात की. तुमाला काय सोयरीक जमवायचीया?"

तिनं गुळवेलीच्या काढ्याचा पेला त्याच्यापुढं आदळला. शेजारच्या धुळानं चाई बघताक्षणी सांगितलं होतं की ही प्रतिकारशक्ती कमी झाल्याची खूण आहे. धुळा एकदा मिरजेच्या दवाखान्यात वीस दिवस पडून होता, त्यामुळे त्याचा शब्द घरात चाले. तेव्हापासून हरिबा दोन वेळा काढा पीत होता, तोंड वाकडं करत होता, आणि चाई वाढत होती.

सोनियाला मात्र मिशीपेक्षा दुसरीच गोष्ट खुपत होती. त्याच सुमारास हरिबानं म्हाताऱ्या तांबी कुत्रीला कडेगावला, रंगूआत्याकडं, टेम्पोत घालून धाडलं होतं.

हरिबाकडं साठ मेंढरं आणि तांबी धरून तीन कुत्री. त्याच्या घरात कुत्रं निवडायची एक रीत होती. पिल्लाचे डोळे उघडले की त्याला वाघरीत, म्हणजे मेंढरांभोवती लावलेल्या जाळीच्या आत सोडायचं. जे पिल्लू कोकराला दात लावील ते राखणीला ठेवायचं नाही. परका माणूस आला तरी जे कान उभे करत नाही, तेही नाही. दहांतलं एखादं टिके. राजा आणि शेरू असेच टिकलेले. तांबी त्यांच्या आधीची. पण गेली दोन वर्षं ती भुंकत नव्हती, धावत नव्हती. राजा आणि शेरूच्या मधे पसरून पडायची आणि त्यांच्या ताटलीतल्या भाकरीवर आधी तोंड टाकायची.

"नुस्ती खायाला काळ," असं म्हणून हरिबानं तिला धाडली. सोनियानं तिला परत आणायचं आजवर अकरा वेळा काढलं होतं. अकरा वेळा हरिबा म्हणाला होता, "गप."

मागच्या आठवड्यात राजानं एका कोकराचा कान फाडला. आता त्याच्या गळ्यात लाकडाचं लोढणं होतं आणि तो शेरूकडं असा बघायचा, जणू कान शेरूनंच फाडला.

पाट्या वाचायला म्हणून सोनियाला बरोबर घेऊन हरिबा सांगलीला गेला. डॉक्टर तरुण बाई निघाल्या. दारावरच्या पाटीवर डॉ. संयोगिता असं नाव होतं. त्यांनी हरिबाच्या ओठावर कापूस फिरवला, काळा झालेला कापूस उजेडात धरला.

"हे काय, आजोबा?"

हरिबाला अचानक कमी ऐकू यायला लागलं.

"काजळ," सोनिया म्हणाली.

"छान. चाई काजळानं बरी होत नाही, पण मिशी दिसत होती मात्र झकास."

हरिबानं घसा साफ केला. "शक्ती कमी पडलीया, डॉक्टरीणबाई. काढा चालू हाय."

"शक्ती कमी नाही पडली. आहे तीच तुमच्या मिशीवर चालून आली आहे."

त्यांनी खुर्ची पुढं ओढली आणि त्या हरिबाशी बोलता बोलता सोनियाकडं बघू लागल्या. पोरीचं तोंड उघडं राहिलं होतं आणि शिकवायला तसं तोंड फार सोयीचं असतं.

"आपल्या रक्तात राखणदार पेशी असतात. त्यातल्या काहींना टी पेशी म्हणतात. त्या जन्मतात हाडांच्या आत आणि शाळेला जातात इथं." त्यांनी सोनियाच्या छातीच्या मधोमध बोट टेकवलं. "थायमस नावाची ग्रंथी आहे. तिथं त्यांना आपल्याच शरीराचे तुकडे दाखवतात. जी पेशी आपल्याच माणसावर धावते तिला बहुतेक तिथंच संपवतात. जिला काहीच ओळखता येत नाही, तीही मरते. शंभरातल्या दोन-चार बाहेर पडतात."

"म्हंजे वाघरीतली पिल्लं," हरिबा म्हणाला.

डॉक्टरांना वाघर समजावून सांगावी लागली. ती सोनियानं सांगितली, हात पसरून, कोकरासकट.

"अगदी तसंच," डॉक्टर म्हणाल्या. "कुत्री आणि पेशी एक नव्हेत, पण समजायला चालेल. ही ग्रंथी हिची मोठी आहे. तुमची आता आटली."

हरिबाचा हात छातीवर गेला. "आटली? कवा?"

"सावकाश. सगळ्यांचीच आटते."

"मग माजी राखण कोन करतंय?"

"जुन्याच पेशी. त्या आपल्यासारख्या नव्या तयार करत राहतात. आणि संख्या बेतात राहते, कारण शरीरात त्यांच्यापुरतंच खाणं असतं. आजार आला की वाढतात. आजार गेला की जादा झालेल्या मरून जातात."

हरिबानं मान डोलावली. हे त्याला पटलं. भाकरी तेवढीच कुत्री, हा त्याचाही हिशेब होता.

"मग मिशी का खाल्ली?" सोनियानं विचारलं.

"शाळेतून एखादी निसटते. बाहेर येते आणि केसांच्या मुळांना लांडगा समजते."

"राजा," सोनिया म्हणाली.

"राजा कोण?"

"त्यो ऱ्हाऊ द्या," हरिबा घाईनं म्हणाला.

"आता गंमत ऐक," डॉक्टर सोनियाकडं वळल्या. "अशा निसटलेल्या पेशी तुझ्यात आहेत, माझ्यातही आहेत. तरी सगळ्यांना चाई पडत नाही. का बरं?"

सोनियानं वेणीचं टोक चावलं. "त्यांना कोन तरी धरून ठेवत असंल."

"शाब्बास! काही टी पेशींचं काम लढायचं नसतंच. लढणाऱ्यांना आवरायचं, एवढंच त्यांचं काम."

"कशा आवरत्यात?"

"बऱ्याच तऱ्हा आहेत. त्यातली एक सांगते. लढणाऱ्यांना चेव यायला एक खुराक लागतो. तो या स्वतःच खाऊन टाकतात. बाकीच्यांना मिळतच नाही, मग त्या गप्प बसतात."

सोनियाच्या तोंडातून वेणी सुटली. तिनं डॉक्टरांकडं बघितलं नाही, आज्जाकडं बघितलं.

"म्हंजे त्या लढत न्हाईत."

"नाही."

"आनि दुसऱ्याची भाकरी मातूर खात्यात."

"हो. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, या फुकट्या कशाला पोसल्या?"

हरिबा खिडकीबाहेर बघू लागला. खिडकीबाहेर दुसऱ्या इमारतीची भिंत होती, पण तो ती फार लक्ष देऊन बघत होता.

"आनि त्यांस्नी टेम्पोत घालून धाडलं तर?"

"टेम्पोत?" डॉक्टर क्षणभर गोंधळल्या. "त्या नसल्या तर फार वाईट होतं. बाकीच्या घरच्यांवरच उठतात."

"बाई, मलम द्या," हरिबा म्हणाला. "येष्टी चुकंल आमची."

मलम मिळालं. काढ्यानं काही बिघडलं नव्हतं आणि काही सुधारलंही नव्हतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. मुळं जिवंत होती, केस बहुतेक परत येणार होते. पण मलम नीट लागायला मिशी उतरवलेली बरी, असंही त्या म्हणाल्या.

दवाखान्याशेजारच्या दुकानात मिशी उतरली. न्हाव्यानं तिथंच पहिलं मलम चोळून दिलं. दुकानाबाहेर आल्यावर हरिबानं पटक्याचा शेव तोंडावर धरला, तो विट्याच्या स्टँडपर्यंत सोडला नाही. कंडक्टरनं विचारलं, "दाढ दुखतीया काय, पावनं?" हरिबानं नुसती मान हलवली.

विट्याला आटपाडीची गाडी लागलेली होती. सोनिया चढायला निघाली. मागं वळून बघते तर आज्जा पलीकडच्या फलाटावर, कडेगावच्या गाडीच्या पायरीवर उभा.

"आज्जा, आपली ही न्हवं."

"तुला आत्याकडं जायचं हाय," हरिबा शेवाआडून म्हणाला. "लय दिस म्हनतीयास."

सोनिया असं एकदाही म्हणाली नव्हती. ती पळत जाऊन गाडीत बसली आणि कडेगाव येईपर्यंत शहाण्यासारखी गप्प राहिली.

रंगूआत्याचं घर उसाला लागून होतं. दारात पोचल्यावर हरिबानं लेकीसमोर कसला पडदा म्हणून शेव खाली सोडला. रंगू धुणं वाळत घालत होती. तिनं परक्याकडं बघावं तसं बघितलं.

"कोन पायजे?"

"तुजा बा."

रंगूच्या हातातलं लुगडं खाली पडलं. मग ती इतकी हसली की तिला दांडीला धरावं लागलं. "आवं तात्या, तुमचं त्वांड कुटं गेलं?"

"तांबी कुटं हाय?" हरिबानं विचारलं.

तांबी गोठ्यातून बाहेर आली. हळू, मागचा पाय ओढत. सोनियाला बघून तिची सगळी पाठच हलली. तिनं सोनियाचे हात चाटले, गुडघे चाटले. सोनियानं तिच्या मानेत तोंड खुपसलं.

हरिबा पुढं झाला. "चल म्हातारे. घरला चल."

तांबी ताठ झाली. तिनं वर बघितलं. मिशी नाही, आणि अंगाला दवाखान्याचा वास. ती सोनियाच्या पुढं आडवी उभी राहिली, मानेवरचे केस फुलवले, आणि दोन वर्षांत जे केलं नव्हतं ते तिनं केलं. ती भुंकली. उसातली पाखरं उडाली.

"आगं, भुकती की ही!" रंगू म्हणाली. "हितं आल्यापासनं येकदा बी आवाज न्हाई काडला."

हरिबा एक पाऊल मागं सरला, तांबी एक पाऊल पुढं आली. तो दोन पावलं मागं सरला आणि धुण्याच्या बादलीत पडता पडता वाचला.

"तांबे, मी हाय गं," तो म्हणाला. त्या आवाजात काढा पितानाचा कडवटपणा नव्हता आणि बाजारातला रुबाबही नव्हता. "मी हरिबा."

तांबी भुंकतच राहिली. हरिबानं सोनियाकडं बघितलं. काय करायचं ते ह्या खेपेला त्यालाच सुचत नव्हतं, आणि ते त्याच्या उघड्या तोंडावर सगळं लिहिलेलं होतं.

सोनिया तांबीला वळसा घालून आज्जापाशी गेली. तिनं त्याला हात धरून खाली वाकवलं, आपली वेणी पुढं ओढली, आणि तिचं झुपकेदार टोक त्याच्या नाकाखाली आडवं धरलं.