नव्या दारावरचा हात

नईमाआजीकडे कामाला लागले त्या दिवशी तिने मला एकच अट घातली होती. दार ठोठावायचं नाही, हाक मारायची. म्हटलं, असेल म्हातारपणाची तऱ्हा. नव्वदीची बाई, मूळची बगदादची यहुदी, लग्न होऊन बहरीनला आलेली. नवरा गेलेला, मुलं लंडनला. माझं विशाखा हे नाव तिच्या तोंडात फिशाका व्हायचं. आम्ही मोडक्या हिंदीत बोलायचो, पण हाक मात्र मी 'आजी' अशीच मारायचे, आणि दिवसभर आमचं वाजायचं. आज मीठ कमी, उद्या जास्त. माझ्या जिभेला हाड नाही आणि तिच्याही नव्हतं, म्हणून तर आमचं जमलं.

मनामातल्या जुन्या गल्लीत पहिल्या मजल्यावर तिचं घर. दाराला वाळवी लागली, म्हणून आमच्या ओळखीच्या रत्नागिरीच्या उस्मान सुताराने सित्रा बेटावरच्या वर्कशॉपमधून नवं दार करून आणलं. दुपारी ते बसलं. मी आजीला साखरेची सुई टोचली, भात वाढून ठेवला. पण नवं दार असं कोरंच? मला काही चैन पडेना. आमच्या माणगावला नवं दार बसलं की त्यावर कुंकवाचा हात उमटवतात, घर भरलेलं राहावं म्हणून. कुंकवाची डबी पर्समध्ये असतेच. पाण्यात कालवलं, तळहात माखला आणि दारावर बाहेरून दाबला. असा ठसठशीत उठला म्हणता!

"आजी, बाहेर ये गं, गंमत दाखवते!"

ती वॉकर सरकवत आली. दाराकडे बघितलं आणि तिच्या चेहऱ्यावरचं रक्तच उतरलं. तशीच आत गेली, दार लावलं आणि कडी घातली. मी बाहेर, लाल हात घेऊन.

राग आला मला. का येऊ नये? एवढं प्रेमाने करावं आणि वर तोंडावर दार! "माझ्या कुंकवाचा विटाळ झाला काय तुला?" मी मराठीतच ओरडले. मग एकदम आठवलं. सुई टोचलेली होती आणि तिच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. साखर उतरली की ही आत चक्कर येऊन पडणार, आणि कडी आतून. राग कुठल्या कुठे गेला.

उस्मान जिन्यात हत्यारं आवरत होता. तो धावत आला. "ताई, किल्लीचा काय उपयोग, कडी आतनं हाय. पटाशी घालतो, दोन मिनिटात खलास." त्याने दारावर जोराने थाप मारली. "आजी, उघडा!"

आतून बारीक आवाज आला. "आले. आले ते."

मी उस्मानचा हात धरला. फटीला तोंड लावून विचारलं, "कोण आलं, आजी?"

मग तिने सांगितलं. आवाज तिचा नव्हताच, लहान मुलीचा होता. बगदादमधले मोठ्या लढाईचे दिवस होते. ती सहा वर्षांची. सणाची सकाळ, आणि दारावर लाल हात. गल्लीत फक्त यहुद्यांच्या दारांवर. दुपारी घरं लुटत, माणसं मारत येणाऱ्या जमावाचा आरडाओरडा जवळ आला तेव्हा बाबांनी कडी घातली, कपाट दाराला लावलं. तेवढ्यात हबीबा आली. बाबांची धाकटी बहीण, पलीकडच्या गल्लीतून पळत. दार ठोठावत होती. मी आहे, उघडा, म्हणत होती. ते तिच्या मागेच होते. बाबांनी सगळ्यांना घट्ट धरून ठेवलं, उघडलं नाही. मग ठोठावणं थांबलं.

उस्मानने पटाशी खाली ठेवली आणि तो पायरीवर डोकं धरून बसला. मला माझ्या हाताकडे बघवेना. आमच्याकडे जे घर भरायला लावतात, ते तिच्याकडे घर रिकामं करायला लावलं होतं. ओढणीने ठसा पुसायला गेले तर ताज्या लाकडात तो आणखीच मुरला. मला रडू फुटलं.

"आजी, हे पुसलं जात नाही गं. पण कुणी येत नाहीये. मी बसलेय इथे उंबऱ्यावर. आलंच कुणी, तर आधी मला ओलांडावं लागेल."

धीर द्यायला म्हटलं हो मी, दुसरं काय सुचत होतं!  आतून अगदी खोल गेलेला आवाज आला.

"फिशाका? तू बाहेर आहेस?"

"बाहेरच आहे गं. कुठे जाणार?"

"दाराबाहेर? एकटी?"

"हो."

वॉकर घासत आला. मध्येच थांबला. पुन्हा घासला. कडी सरकली. फटीतून तिचा हात आला, माझं मनगट धरलं आणि त्या काटकुळ्या बाईने मला आत ओढलं. "यल्ला, आत ये, आत! मारतील तुला!" दार लावून ती तिथेच खाली बसली, घामाने निथळत, माझं मनगट न सोडता. दाराजवळच्या तिवईवर पाहुण्यांसाठी खजूर ठेवलेला असतो. एकाची बी काढून तो तिच्या तोंडात घातला, मग दुसरा. हळूहळू तिच्या ओठांवर रंग आला.

बाहेरून उस्मानने दार ठोठावलं नाही. हाक मारली. "आजी, बरी हायस ना?"

तिने मान हलवली, जणू त्याला दिसणारच होतं. मग वर कडीकडे बघत राहिली.

"एवढीशीच असते गं कडी," ती म्हणाली. "एका बोटाने निघाली."

  मी तिला तिसरा खजूर दिला.