मागच्या सीटवरचं वजन

अप्पांनी डिकीवर दोन्ही तळवे ठेवून जोर दिला आणि हात काढून घेतले. गाडीचं बूड खाली गेलं, वर आलं, पुन्हा खाली, पुन्हा वर. थांबायचं नावच नाही. वाकून पाहिलं तर दोन्ही शॉकअब्सॉर्बरवरून तेल ओघळलेलं.

"म्हातारे, झोपाळा झालाय तुझा," ते गाडीला म्हणाले. हल्ली घरात बोलायला तीच उरली होती.

गंजलेल्या नटांनी नाकी नऊ आणले, पण दुपारपर्यंत नवे शॉक बसले. गाडी जॅकवरून उतरली आणि अप्पांचं घोडं तिथेच अडलं. खालचे बोल्ट शेवटचे कसायचे ते गाडीवर भार असताना, नाहीतर आतलं रबर पिळून फाटतं. गाडी चाकांवर उभी असली की पुरे, असं कुणीही सांगितलं असतं. अप्पांना ते कधी पटलं नाही. भार म्हणजे बायको. ती मागच्या सीटवर विणत बसायची आणि या घरात आपल्याला वजन आहे ते एवढ्यापुरतंच, असं ऐकवायची. ती गेल्यानंतर हे काम पहिल्यांदाच निघालं होतं.

त्यांनी वाळूची दोन पोती आणून सीटवर ठेवली. मग त्यांच्याकडे बघवेना, म्हणून उतरवली.

शेजारी टेलरमास्तर राहायचे, तेही एकटेच. फाटकाशी मान हलवण्यापलीकडे दोघांचं कधी बोलणं नव्हतं. अप्पांनी दार वाजवलं आणि चाचरत सांगितलं, की काही करायचं नाही, नुसतं गाडीत बसायचं. मास्तर आत गेले, इस्त्रीचा शर्ट घालून आले.

ते दार उघडं ठेवून मागे बसले. अप्पा गाडीखाली रिकामं पोतं अंथरून आडवे झाले. हळूहळू मास्तरांच्या बोलण्यात दुखरे गुडघे निघाले, लेकाचा न येणारा फोन निघाला, हल्ली कुणी पँट शिवून घेत नाही हेही निघालं. अप्पा हुं हुं करत राहिले. डावा बोल्ट कसून झाला. उजवाही झाला.

"झालं का हो?" मास्तरांनी विचारलं.

अप्पांनी घट्ट बसलेल्या बोल्टवर पाना पुन्हा चढवला.

"नाही अजून. तुम्ही बोला."

मग उघड्या दारातून एक चप्पल खाली पडली, तिच्यामागून दुसरी. मास्तर मांडी घालून बसले होते.