अकरावा फर्मा दोनदा

मित्रांनो, मी एक जुनी कादंबरी आहे, आणि माझ्यात ऐन मोक्याला काय घडतं हे मला स्वतःलाच ठाऊक नाही. हसू नका. तुमच्या पोटातलाच एक तुकडा गायब असता, तर तुम्हीही असेच तळमळला असता.

माझी गोष्ट चार मुलांची. चौघंही तुमच्याच वयाची, पण प्रत्येकाला काहीतरी अचाट येतं. एकाला भिंतीपलीकडचं ऐकू येतं, त्याला सगळे कानोसा म्हणतात. एकाची सावली त्याला सोडून एकटीच फिरून येते. एक मुलगी पाण्यावरून चालते, पण फक्त घाबरलेली असेल तरच. आणि चौथी ठिणगी. तिला राग आला की बोटांतून आग निघते. गावाला तिची भीती वाटते, आणि खरं सांगायचं तर थोडी तिलाही वाटते.

माझा जन्म छापखान्याशेजारच्या बाइंडिंगच्या खोलीत झाला. सोळा पानांची एक घडी, तिला तिथे फर्मा म्हणतात. लांब टेबलाच्या कडेने फर्म्यांच्या थप्प्या ओळीने मांडलेल्या असत, आणि दोन जावा टेबलाला फेऱ्या घालत प्रत्येक थप्पीतून एकेक फर्मा उचलत. एक फेरी झाली की एक पुस्तक जुळलं. माझ्या फेरीला धाकट्या जावेने सासूबाईंच्या चालण्याची नक्कल करून दाखवली. थोरलीला असं काही हसू फुटलं की ती मनगटाने डोळे पुसत जागच्या जागी थांबली, आणि अकराव्या थप्पीवर तिने पुन्हा एकदा हात घातला. तोच बारावा समजून ती तेराव्याकडे गेली. त्या हसण्यात माझं वाटोळं झालं. पण मी तिच्यावर रागावू शकत नाही, कारण नक्कल खरोखरच छान होती.

तर झालं असं, की एकशे शहात्तराव्या पानाच्या शेवटी छापलं आहे, ‘ठिणगीने दोन्ही हात पुढे केले आणि’. तुम्ही श्वास रोखून पान उलटता, तर समोर पुन्हा एकशे एकसष्टावं पान. तीच सोळा पानं परत. मग एकदम एकशे त्र्याण्णव, आणि त्याच्या डोक्यावर लिहिलेलं, ‘नाही, असे तिघांनी ठरवले.’ काय नाही? आणि तिघांनीच का? चौथी गेली कुठे?

ग्रंथालयात आले तेव्हा माझं कोण कौतुक! मुलं माझ्यासाठी नंबर लावून बसत. पण परत आणून देताना प्रत्येकाचं तोंड वाकडं. कुणी म्हणे, ती मेली असणार. कुणी म्हणे, पळून गेली. मी दर वेळी कान टवकारून ऐकायची, आणि दर वेळी आणखी अस्वस्थ व्हायची. शेवटी ग्रंथपाल बाई कंटाळल्या. त्यांनी माझ्या पहिल्या पानावर ‘सदोष प्रत’ असा शिक्का मारला आणि मला दारामागच्या कपाटात तळाच्या खणात टाकलं. तिथे माझ्या शेजारी एक जाडजूड शब्दकोश होता. त्याच्यात सगळे शब्द जागच्या जागी होते आणि तो सुखाने झोपा काढायचा. मला त्याचा भारी हेवा वाटे. कसर लागली, कणा सैल झाला, पण मला छळत होते ते फक्त ते ‘आणि’.

मग एक दिवस ती आली. घरात तिला लवंगी म्हणत, आणि नाव अगदी शोभत होतं. तिने कपाटाचं अडलेलं दार असं ओढलं की शब्दकोशसुद्धा जागा झाला. मी तिच्या हाती लागले. ती तिथेच फरशीवर मांडी घालून वाचत बसली. ठिणगीशी तिचं लगेच जमलं. पुढच्या दोन-तीन दिवसांत ती त्या पानापर्यंत पोचली, आणि उठून तरातरा टेबलाकडे गेली.

“बाई, हे पुस्तक परत मागे गेलं!”

“हळू! सदोष प्रत आहे ती. शिक्का दिसला नाही का?”

“पण ठिणगीचं काय झालं? मला आजच पाहिजे.”

“आजच कशाला? उद्या काय आकाश कोसळणार आहे?”

“हो,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. शाळेत प्रयोगशाळेतली काचेची नळी फुटली होती. सरांनी तिच्या बाकावरच्या अबोल मैत्रिणीला धरलं. मैत्रिणीने नळीला हातही लावला नव्हता, पण तिच्या तोंडून शब्द फुटेना. मग लवंगी उभी राहिली आणि ‘तिने नाही फोडली!’ असं सरांवर ओरडली, वर्गाच्या काचा हादरतील इतकी. आता उद्या आईला घेऊन मुख्याध्यापिकांसमोर जायचं होतं. आपण बोललो ते सगळं खोटं होतं असं सांगून माफी मागायची, नाहीतर वर्गात बसायचं नाही.

“आई म्हणते, माफी माग आणि मोकळी हो. म्हणते, तुझ्या या रागाने एक दिवस सगळं जाळशील.” तिने मला घट्ट धरलं होतं. “म्हणून बघायचंय, हिचं काय होतं.”

बाई म्हणाल्या, “आपल्याकडे चांगली प्रत होती एक, हरवली. मी वाचली होती. ठिणगी शपथ घेते, की पुन्हा कधी आग काढणार नाही. मग गाव तिला आपलं म्हणतं. तसंच होतं बहुतेक.”

मित्रांनो, ज्या उत्तरासाठी मी जन्मभर झुरले, ते मला असं उभ्याउभ्या मिळालं. आणि मला ते मुळीच आवडलं नाही.

“हे कुणी लिहिलं?” लवंगी म्हणाली. “माझ्या आईने?”

बाईंना हसू आवरेना. पण लवंगी हसत नव्हती. ती माझी पुढची पानं भराभर उलटू लागली. “आणि गाव तिला आपलं म्हणतं, तर मग इथे तिघंच का? बघा, इथे बर्फात तिघांना कुणीतरी पेटवून ठेवलेली शेकोटी सापडते. ती कुणी पेटवली?”

बाईंनी चष्मा लावून ते पान वाचलं. पुन्हा वाचलं. “अगं, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी मला तिच्या नावावर लावून दिलं.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या दप्तरात होते आणि दप्तर तिच्या मांडीवर. आई शेजारच्या खुर्चीत. समोर मुख्याध्यापिका, आणि खिडकीपाशी सर.

“बोल,” आईने हळूच कोपर मारलं. “माग माफी.”

“मी ओरडले, त्याची माफी मागते,” लवंगी म्हणाली. आवाज कापत होता, पण चढला नव्हता. “सर, मी तुमच्याशी तसं बोलायला नको होतं. पण नळी तिने फोडली नाही, हे खरं आहे. त्याची माफी मी मागणार नाही. मला वर्गात बसवलं नाहीत तरी.”

मी माझी सगळी पानं आवळून बसले. आता आई तिला झापणार, याची मला खात्री होती.

खुर्ची सरकली. आई उभी राहिली होती. “माझी मुलगी तापट आहे,” ती म्हणाली. “घरी आम्हाला तिचा फार त्रास होतो. पण ती खोटं बोलत नाही, बाई. काल मीच तिला खोटं बोलायला सांगत होते. तुम्ही त्या दुसऱ्या मुलीला एकदा बोलावून शांतपणे विचारा ना.”

मुख्याध्यापिकांनी विचारलं. अबोल मैत्रिणीला बोलायला बराच वेळ लागला, पण ती बोलली. सरांनी मान खाली घालून ऐकलं, आणि लवंगी वर्गात जाऊन बसली.

सध्या मी लवंगीच्या घरी आहे. मला आई वाचते आहे. अकरावा फर्मा दुसऱ्यांदा आला तरी तिच्या लक्षात आलं नाही, दिवसभराच्या कामाने ती इतकी दमलेली असते. “हे कुठेतरी वाचल्यासारखं वाटतंय गं,” असं म्हणत ती वाचतच राहिली. लवंगी दारात उभी राहून तोंडावर हात दाबून हसत होती. मीही. माझा जीव अजून थाऱ्यावर नाही, आणि आता तो नसावा असंच मला वाटतं.

मित्रांनो, माझी पानं दुमडू नका, थुंकी लावून उलटू नका, आणि शिक्का बघून मला खाली ठेवू नका. मध्येच अडलात तर ग्रंथालयात जाऊन बाईंशी भांडा. फार तर त्या ‘हळू’ म्हणतील. मग हळू बोला, पण बोलायचं थांबू नका.