चाळिसाव्या मिनिटानंतर

संस्थेत सगळे तिला भट्टीबाई म्हणत, आणि तेही तोंडावर. ती रागावत नसे, कारण नावात खोटं काही नव्हतं. मागच्या इमारतीच्या तळमजल्यावर जाड दाराची, बिनखिडकीची एक खोली होती. एका भिंतीला तेवढी दुहेरी काच. मिस्त्रींनी बाहेरून खटका ओढला की वीस मिनिटांत आत त्रेचाळीस अंश होत. त्या खोलीत सैनिकांना पुऱ्या पोशाखात, पाठीवर सामान देऊन बसवायचं आणि बिनतारी संचावरून ऐकू येणारे आकडे लिहून नकाशावर खुणा करायला लावायच्या, हे तिचं संशोधन. कडक उन्हात माणूस कोसळतो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. कोसळण्याच्या आधी तो शुद्धीवर असताना काय काय चुका करून ठेवतो, ते तिला शोधायचं होतं. तिचा नवरा बर्फाच्या कारखान्यात व्यवस्थापक होता. दोघांच्या मध्ये राहून घराचं तापमान तेवढं माणसांसारखं राहिलं, असं तिचे सासरे म्हणत.

आता ही खोली बंद पडायची वेळ आली होती. संचालकांनी साफ सांगून टाकलं होतं, की सैन्याच्या संशोधन निधीतून पुढच्या तीन वर्षांचं अनुदान आलं तर ठीक, नाहीतर महिनाअखेरीस भट्टीत मोडक्या खुर्च्या ठेवायच्या आणि मिस्त्रींना पाण्याच्या पंपावर पाठवायचं. मिस्त्रींचं पाण्याशी काही वैर नव्हतं. पण खोलीचा प्रत्येक स्क्रू त्यांनी स्वतःच्या हाताने पिळलेला, त्यामुळे बाईपेक्षा त्यांचीच झोप जास्त उडाली होती. अर्ज कधीच गेला होता. सोमवारी तिघांची समिती पाहणीला येणार होती, आणि समिती म्हणजे चहा पिऊन शंका काढायला जन्माला आलेली जमात, हे संस्थेत कोणाला सांगावं लागत नसे.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. पहिल्याच दिवशी एका सैनिकाने हसत विचारलं होतं, की बाई, तुम्ही बाहेर पंख्याखाली आणि आम्ही आत, हा कुठला न्याय? बाईने वही उचलली आणि आत जाऊन बसली. तेव्हापासून नव्वद मिनिटांचं प्रत्येक सत्र तिने आत बसूनच केलं. कोणाची नाडी किती, कोणी किती सेकंदांत खूण केली, कोणाची बरोबर, कोणाची चूक, सगळं हाताने लिहिलं. बाहेरचं यंत्रही हेच सगळं एका कागदी पट्टीवर नोंदवत असे. पण पट्टीकडे कोण बघतो? मिस्त्री ती गुंडाळून बिस्किटांच्या डब्यांत भरून ठेवत. बाईचा विश्वास वहीवर होता. अर्जातले आकडे वहीतलेच होते.

रविवारी दुपारी ती वही आणि डबे घरी घेऊन आली. सासऱ्यांनी छापखान्यात चाळीस वर्षं मुद्रितं तपासली होती. निवृत्त झाल्यापासून ते औषधाच्या बाटलीवरच्या चिठ्ठ्यांतल्या चुका काढत बसत. घरातले वाचण्यासारखे कागद संपले की त्यांचा मोर्चा माणसांकडे वळे. म्हणून, त्यांना जरा गुंतवून ठेवावं एवढ्याच हेतूने, तिने वही आणि पट्ट्या त्यांच्या पुढ्यात ठेवल्या आणि ताडून बघायला सांगितलं. सासऱ्यांचे डोळे चमकले. त्यांनी मुलाला झोपेतून उठवून समोर बसवलं. एकाने मूळ वाचायचं, दुसऱ्याने मुद्रित धरायचं, ही त्यांची जुनी रीत. नवरा जांभया देत पट्टीवरचे आकडे वाचत होता आणि सासरे वहीत लाल पेन्सिलीने खुणा करत होते. बाई आतल्या खोलीत उद्याच्या साडीला इस्त्री करत होती.

चहाच्या वेळेला त्यांनी तिला हाक मारली.

"सूनबाई, प्रत्येक सत्राची पहिली दोन पानं डोळे मिटून छापून टाक. पण तिसऱ्या पानावर तू कुठे गेली होतीस?"

"कुठे जाणार, बाबा? तिथेच होते. आत."

बोलून झालं आणि आपण काय बोललो ते तिला कळलं. चोवीस सत्रांत एकशे सत्तावन्न चुका होत्या. त्यातल्या पहिल्या चाळीस मिनिटांत फक्त नऊ, बाकी सगळ्या नंतरच्या. कुठे आकड्यांची अदलाबदल, कुठे एका सैनिकाची नाडी दुसऱ्याच्या नावावर. सासऱ्यांनी तिला आणखी एक गोष्ट दाखवली. पहिल्या पानांवर जागोजागी खाडाखोड होती, चुकलं की तिने तिथल्या तिथे सुधारलं होतं. तिसऱ्या पानावर खाडाखोड औषधालाही नव्हती. अक्षर मोत्यासारखं.

कुंपणानेच शेत खाल्लं होतं. तिला रडू आलं नाही, त्याहून वाईट झालं, तिला लाज वाटली. नवरा म्हणाला, एवढं काय त्यात, पट्टी बरोबर आहे ना, मग उद्या पट्टीतले आकडे दाखव, वही कपाटात टाक, झाकली मूठ सव्वा लाखाची. फोनवर मिस्त्रीही तेच म्हणाले, फक्त जास्त आर्जवाने. दोघांचंही चूक नव्हतं. निष्कर्ष तसे फारसे बदलतही नव्हते. पण अर्जावर तिची सही होती आणि त्यातले आकडे खोटे होते, हे आता ती जाणत होती.

सासऱ्यांनी उपदेश केला नाही. चष्मा पुसत ते एवढंच म्हणाले, की छापखान्यात चूक उशिरा सापडली की आम्ही पुस्तकाला शुद्धिपत्र चिकटवायचो, आणि शुद्धिपत्र आहे म्हणून पुस्तक परत करणारं गिऱ्हाईक मी उभ्या जन्मात पाहिलं नाही.

सोमवारी समिती आली. अध्यक्ष सैन्यातले निवृत्त अधिकारी, पासष्टीच्या पुढचे, काठीसारखे ताठ. त्यांना सगळे नुसते साहेब म्हणत. दुसरे वित्त विभागाचे अधिकारी, जे चहात साखर किती घातली याचीही लेखी नोंद मागतील असे दिसत होते. तिसऱ्या होत्या लष्करी रुग्णालयातल्या डॉक्टर. बाईने कोणाला बसायलाही न सांगता वही आणि पट्टी भट्टीबाहेरच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवली आणि काय झालं ते पहिल्यापासून सांगितलं. खटक्यापाशी मिस्त्री तोंड फिरवून उभे राहिले.

वित्ताधिकाऱ्यांनी विचारलं, म्हणजे अर्जातले आकडे चुकीचे आहेत? ती हो म्हणाली. मग हा अर्ज नामंजूर करण्यावाचून इलाज नाही, असं म्हणून त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

"जरूर करा," ती म्हणाली. "पण एक ऐकून घ्या. चौदा वर्षं मी याच विषयात आहे. उष्णतेत माणूस चुकतो आणि चुकतोय हे त्याला कळत नाही, हे वाक्य मीच लिहिलंय. आणि ज्या खोलीत ते लिहिलं, तिथेच बसून मी चुकत होते. मला कळलं नाही. तर बावीस वर्षांच्या पोराला रणात कसं कळणार, हो?"

डॉक्टरांनी वहीची तिसरी पानं एकापाठोपाठ एक उलटून पाहिली. साहेबांना मात्र ते पटलं नव्हतं. त्यांचं म्हणणं, ही सगळी सवयीची बाब आहे. वाळवंटात त्यांनी तुकड्या चालवल्या होत्या, डोकं कधी फिरलं नव्हतं. हातच्या कांकणाला आरसा कशाला, आपल्यालाच आत बसवा. वित्ताधिकारी म्हणाले, पाहणीच्या नियमांत हे बसत नाही. साहेब म्हणाले, मग तुम्ही बाहेर बसा. डॉक्टरांनी त्यांची नाडी आणि रक्तदाब पाहिला, पाठीवर सामान द्यायचं नाही आणि एका तासाहून मिनिटभरही जास्त नाही असं बजावलं, आणि काचेला नाक लावून उभ्या राहिल्या. बाई या खेपेला बाहेर बसली. मिस्त्रींनी खटका ओढला.

तासाभराने साहेब बाहेर आले ते टोमॅटोसारखे लाल होऊन, पण स्वारी खुशीत होती. प्रत्येक सैनिकाला शेवटी विचारत तसं त्यांनाही विचारलं, दहापैकी स्वतःला किती गुण द्याल? साहेब म्हणाले, दहा. नऊ म्हणणं हा खोटा विनय होईल.

चाळीस संदेश होते. पहिले पंचवीस अचूक, आणि शेवटच्या पंधरात सहा चुकलेले. साहेबांनी आधी मूळ यादीच चुकीची असणार असं म्हटलं. मग यादी मागून घेतली, चष्मा लावला, एकेक आकडा बोट ठेवून पाहिला. मग पुन्हा पाहिला. कागदावर खाडाखोड एकही नव्हती. ते मिस्त्रींच्या स्टुलावर बसले आणि दोन पेले पाणी प्यायले. डॉक्टर पुढे झाल्या, तर साहेबांनी हातानेच बरं आहे म्हणून सांगितलं.

मग ते हळूहळू बोलू लागले. एकतीस वर्षांपूर्वी, वाळवंटातल्या सरावात, भर दुपारी, त्यांनी आपली तुकडी भलत्याच टेकडीकडे नेली होती. चार तास सगळे भरकटले, पाणी संपलं, माणसं जिवानिशी परत आली हे नशीब. चौकशी झाली. बिनतारी संचावर एक पोरगा होता, त्याने आकडे चुकीचे सांगितले, असं साहेबांनी लिहून दिलं. पोरगा शेवटपर्यंत म्हणत राहिला, की मी बरोबर सांगितले.

"मी माझी वही दाखवली," साहेब म्हणाले. "अक्षर इतकं स्वच्छ होतं, की सगळ्यांनी मलाच खरं मानलं. त्याच्या बाहीवरची हुद्द्याची फीत गेली."

बाईला आपली लाज विसरून त्या म्हाताऱ्या माणसाची दया आली. एवढी वर्षं तो स्वतःशी खोटंसुद्धा बोलला नव्हता, त्याला खरोखरच तसं वाटत होतं.

सगळ्यांत आधी सावरले ते वित्ताधिकारी. ते घसा खाकरून म्हणाले, की जुना अर्ज नामंजूर तो नामंजूरच. परंतु चार वाजेपर्यंत नवा अर्ज हातात पडला, तर आजच्याच बैठकीत घेता येईल. विषयात नोंदी घेणाऱ्या माणसाचाही समावेश करा, आकडे पट्टीवरून घ्या, आणि कृपा करून बाहेर बसून लिहा. ते हसले असं कोणी शपथेवर सांगणार नाही, पण मिस्त्रींना तसं वाटलं.

बाईने सासऱ्यांना फोन केला. ते अर्ध्या तासात रिक्षाने हजर झाले, आल्या आल्या समितीच्या छापील पत्रकातच दोन चुका काढल्या आणि मग कामाला बसले. ती लिहीत गेली, ते तपासत गेले, मिस्त्री पट्टीवरचे आकडे मोठ्याने वाचत राहिले. पावणेचारला अर्ज तयार झाला. दोन सह्या लगेच झाल्या. आतापर्यंत या निधीत समितीने एकमताने शिफारस केली आणि वरून नकार आला असं घडलं नव्हतं, हे मिस्त्रींना पक्कं ठाऊक होतं. ते तिसऱ्या सहीकडे डोळे लावून बसले होते.

तिसरी सही साहेबांची. त्यांच्या हातात पेन होतं, पण ते दुपारपासून टेबलावरच्या फोनशीच झटत होते. पलटणीच्या कचेरीतून एक क्रमांक मिळाला, त्यावरून दुसरा. तो पोरगा आता पन्नाशी उलटलेला होता आणि कुठेतरी रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवत होता. घंटी वाजली, पलीकडून कोणीतरी हॅलो म्हणालं, आणि साहेब उभे राहिले. फोन जुना, पलीकडचा आवाज खोलीभर ऐकू येत होता.

साहेबांनी आपलं नाव सांगितलं.

"त्या दिवशी तू बरोबर सांगितलंस," साहेब म्हणाले. "मी चुकीचं लिहिलं. मला आज कळलं. मी तसं लेखी देतोय, पलटणीला. उशीर झालाय, ते माहीत आहे मला."

वित्ताधिकारी छताकडे बघत होते. मग पलीकडचा माणूस चक्क हसला. त्या हसण्यात थोडं रडूही होतं, पण जास्त हसूच होतं.

"साहेब, मला अजून पाठ आहेत ते आकडे. सांगू?"

"सांग."

त्याने सहा आकडे सांगितले, एकेक करून, मध्ये थांबत, शिकवलेल्या पद्धतीने. साहेबांनी समोरच्या कागदाच्या कोपऱ्यात ते लिहून घेतले. तो बाईचा अर्जच होता, पण कोणी अडवलं नाही.

"आता परत वाचून दाखवा, साहेब."

साहेबांनी चष्मा नीट केला आणि सहाही आकडे सावकाश वाचले.

"बरोबर," पलीकडून आवाज आला. साहेबांनी त्या आकड्यांखाली सही केली.