बाइंडरचा पासपोर्ट

मामांना आता स्वतःची लेकही ओळखू येईना, असा मामेबहिणीचा फोन आला तेव्हा बाइंडर एका जाडजूड शब्दकोशाच्या पाठीवरचा जुना सरस खरवडत होता. "दादा, काल बाबा मला म्हणाले, 'बाई, तुम्ही माझं फार करता हो, तुमचं नाव काय?' तुला यायचं असेल तर आता ये. अजून अधूनमधून तुझी आठवण काढतात. पुढे काढतील की नाही, देव जाणे." बाइंडरने सुरी खाली ठेवली. शब्दकोश पुढे बरेच दिवस उघड्या पाठीने तसाच पडून राहिला. ज्याचा होता त्याने दुकानात येऊन आवाज चढवला, तरी बाइंडरने त्याला उलट उत्तर दिलं नाही, आणि ही गोष्ट बाइंडरच्या बाबतीत फारच नवलाची होती.

कारण बाइंडरच्या तोंडाला कधी कुलूप नव्हतं. बाप लवकर गेला, तेव्हा मामांनी त्याला आपल्या घरी आणलं, पोटच्या पोरासारखं वाढवलं आणि हातात दाभण दिलं. हात चांगला निघाला. पण काम झालं की ते चार जणांना सांगितल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. गिऱ्हाईक आपलं जुनं पुस्तक न्यायला आलं की ते उघडायच्या आधीच हा सुरू व्हायचा, "हे पान पार फाटलं होतं बरं का. आता जोड शोधून दाखवा!" मग गिऱ्हाईकही इरेला पेटायचं, पान उजेडात धरायचं, आणि शोधायचं म्हटल्यावर काय, काही ना काही सापडायचंच. गिऱ्हाईक गेलं की मामा म्हणत, "बडबड्या, कान पकड." स्वतःचा कान स्वतःच पकडून उभं राहायचं, ही दुकानातली शिक्षा होती. "जोड दिसू न देणं हे अर्धं काम. त्यानंतर गप्प बसायचं, ते उरलेलं अर्धं. तुझं नेहमी अर्धंच काम होतं बघ." बडबड्या हे नाव त्याला मामांनी दिलं आणि मामांशिवाय दुसऱ्या कुणी कधी वापरलं नाही. मामी गेल्यावर मामा लेकीकडे परदेशी गेले आणि ते नावही त्यांच्याबरोबर गेलं.

आता पासपोर्टचं सांगायला हवं. बाइंडरचा पासपोर्ट तसा जुनाच होता. मध्यंतरी त्याचं मधलं पान दोऱ्यातून सैल झालं आणि पाठीशी पुठ्ठाही सुटायला लागला. तुम्ही-आम्ही काय केलं असतं? कचेरीत जाऊन अर्ज केला असता. पण ज्याचा जन्म सुटलेली पानं बांधण्यात गेला, त्याने स्वतःच्या घरातलं मोडकं पुस्तक दुसऱ्याकडे का न्यावं? एका रविवारी त्याने सगळा पासपोर्ट उसवला. जुन्याच छिद्रांतून, मेण लावलेल्या त्याच रंगाच्या दोऱ्याने पुन्हा शिवला, पातळ खळ लावून पुठ्ठा बसवला आणि पुस्तकं दाबायच्या शिकंज्यात घट्ट आवळून ठेवला. आतल्या एका अक्षराला धक्का लावला नाही. त्यात काही चुकतंय हे त्याच्या मनातही आलं नाही. त्यानंतर एकदा तो त्याच पासपोर्टवर शेजारच्या देशात जाऊनही आला होता. कुणी हूं की चूं केलं नाही.

तिकीट काढल्यावर विमान कंपनीचा एक लांबलचक निरोप बायकोच्या फोनवर आला. बायकोला सगळं मोठ्याने वाचायची सवय. "अहो, तिकडचे नियम बदललेत म्हणे या महिन्यापासून. फाटलेला, सुटलेला..."

"माझा फाटलेलाही नाही आणि सुटलेलाही नाही," बाइंडर बॅग भरता भरता म्हणाला. "नव्यालाही लाजवेल असा आहे."

"पुढचं तर ऐका."

"पुढचं ज्यांचे फाटलेत त्यांना वाचू दे. ती पट्टी कुठे ठेवलीस?"

पुढचा शब्द 'दुरुस्त केलेला' असा होता. बायकोने तो वाचला होता, पण तोवर नवरा पट्टी शोधायला माळ्यावर चढला होता आणि तिला शिडी धरावी लागली. ही पट्टी म्हणजे मामांची हाडाची पट्टी, कागदाची घडी दाबायची. वर्षानुवर्षं हातात राहून ती गुळगुळीत झाली होती आणि एका बाजूला मामांच्या अंगठ्याएवढा खोलगट भाग तयार झाला होता. मामेबहीण म्हणाली होती की बाबा दिवसभर खिडकीशी बसून रुमालाच्या घड्या घालतात आणि नखाने दाबत राहतात. बाइंडरने मनाशी ठरवलं होतं, समोर जाऊन 'मला ओळखलंत का' असं विचारायचंच नाही. नुसती पट्टी हातात द्यायची. हाताला ओळख पटली तर डोक्यालाही पटेल.

विमानतळावर तो चांगला वेळेआधी पोचला. काउंटरवरची मुलगी तरुण होती, चष्मेवाली, आवाजाने मऊ. तिने पासपोर्ट घेतला, उलटला, पालटला, पाठीवरून बोट फिरवलं. नव्या नियमामुळे तिला तसं करावं लागत होतं. मग ती हसली.

"काका, इतक्या वर्षांचा पासपोर्ट इतका छान कुणाचाच नसतो. लोक अगदी चिंध्या करून आणतात. चांगला बांधलाय हो छापखान्याने."

छापखान्याने! बाइंडरच्या काळजाला ते लागलं. 'हो' म्हणाला असता तर दुसऱ्या क्षणी चढायचा पास हातात पडला असता. पण म्हणाला असता तर तो बाइंडर कसला?

"छापखान्याने कसला? छापखान्याचं काम चार वर्षांत सुटलं. हे माझ्या हातचं आहे."

मुलीचं बोट पाठीवरच थांबलं. तिने एकदा डावीकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. आणि मग, हे बाइंडरला फार उशिरा कळलं, तिने त्याच्यासाठी एक दार उघडलं. हळूच म्हणाली, "तुमच्या हातचं म्हणजे वरून कव्हर घालता तुम्ही, असंच ना काका?"

"कव्हर?" बाइंडर इतक्या मोठ्याने म्हणाला की रांगेतल्या मागच्या माणसानेही मान वर केली. "कव्हर कुणीही घालेल! अहो, सगळा उसवला. एक-एक पान सुटं केलं. पुन्हा शिवला. जोड शोधून दाखवा!"

जोड शोधायची आता काही गरजच उरली नव्हती. मुलीने डोळे मिटले, उघडले आणि फोन उचलला. तिचा वरिष्ठ आला. तो काही दुष्ट नव्हता, उलट बाइंडरने ओरडाआरडा करावा असं त्याच्या वागण्यात काहीच नव्हतं. नियम त्याने दोनदा समजावून सांगितला. शिवण उसवलेला पासपोर्ट त्या देशात आता चालत नाही, मग ती पुन्हा कुणीही कितीही नीट घातलेली असो. पान बदललं की नाही हे तिथला अधिकारी कसं ओळखणार? इथून पाठवलं तरी तिथून परत पाठवतील. नवा पासपोर्ट काढा, दीड-दोन महिन्यांत येईल.

"दीड-दोन महिने माझ्याकडे आहेत," बाइंडर म्हणाला. "मामांकडे नाहीत."

बॅग पट्ट्यावरून परत आली. मुलीने पासपोर्ट दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरला आणि कुजबुजली, "काका, मी विचारलं होतं ना तुम्हाला?" तिच्या आवाजात राग नव्हता, पण वैताग होता, आणि तो अगदी योग्य होता.

बाइंडर बराच वेळ बाकावर बसून राहिला. समोरून लोक बॅगा ओढत जात होते. त्यांच्या हातातले कळकट, कोपरे दुमडलेले पासपोर्ट त्याला दिसत होते. ते सगळे जाणार होते. त्याला आधी नियमाचा राग आला, मग त्या मागच्या माणसाचा, ज्याने काहीच केलं नव्हतं. राग संपल्यावर मात्र उरला तो एकटाच. मामांनी आयुष्यभर एकच गोष्ट शिकवायचा प्रयत्न केला होता आणि नेमकी ती न शिकल्यामुळे मामांकडेच जाता येत नव्हतं. त्याला वाटलं, हे सांगायला जगात एकच माणूस योग्य आहे, आणि त्या माणसाला आपण कोण हेच आठवत नाही. तेव्हा त्याला रडू आलं. त्याने ते लपवलंही नाही.

घरी आल्यावर बायकोने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि 'मी सांगत होते' हे शब्द गिळले. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर हे सोपं नसतं. "हातपाय धुवा, चहा टाकते," एवढंच म्हणाली.

चहा होतोय तोवर मामेबहिणीचा व्हिडिओ कॉल आला. तिला निरोप पोचला होता. ती चिडली नाही, पण तिचा चेहरा पडला होता. "जाऊ दे दादा. बाबांशी बोल जरा." तिने फोन मामांसमोर धरला. मामा किती लहान झाले होते! मांडीवर रुमाल होता, त्याची आठ पदरी घडी होती, अगदी शिवणीसाठी दुमडलेल्या छापील कागदाच्या जुजासारखी.

"मामा, मी बोलतोय."

"नमस्कार," मामा अदबीने म्हणाले. "या, बसा. बाई, पाहुण्यांना पाणी द्या." आणि पुन्हा घडी दाबू लागले.

बाइंडरने बॅगेतून पट्टी काढून दाखवली. मामांनी पाहिली, मान डोलावली, ओळखीचं हसू मात्र आलं नाही. पट्टी हातात हवी होती, पडद्यावर नाही. आता बोलायला काही उरलं नाही म्हणून बाइंडर बहिणीलाच सांगू लागला, "हे बघ, एवढ्यासाठी अडवलं मला." आणि त्याने पासपोर्टची पाठ कॅमेऱ्यासमोर धरली.

मामांचे हात थांबले.

"जवळ आण."

बाइंडरने जवळ नेला.

"उघड. मधून. असा नाही, उताणा." मामा पुढे वाकले. "खळ कशाची?"

"मैद्याची, मामा. पातळ."

"कीड लागू नये म्हणून मोरचूद घातलास?"

"चिमूटभर."

"दोरा आत कुठे बांधलास?"

"मधल्या घडीत. तुम्ही दाखवला होता तसा."

मामा कितीतरी वेळ पाहत राहिले. चहा घेऊन आलेली बायको दारातच उभी राहिली.

"जोड दिसत नाही," मामा म्हणाले. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. "मग अडवलं कसं? त्यांना कळलं कसं?"

"मी सांगितलं."

मामांनी पासपोर्टवरून नजर उचलली आणि पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. आधी रागाने पाहिलं, मग नुसतंच, आणि मग त्यांचे डोळे भरून आले.

"बडबड्या," मामा म्हणाले. "कान पकड."

साठीला आलेल्या बाइंडरने, चष्मा तसाच नाकावर, भर बाहेरच्या खोलीत उभं राहून स्वतःचा कान पकडला. मामा समाधानाने मागे टेकले. थोड्या वेळाने त्यांची नजर रुमालाकडे वळली, बोटांनी घडी शोधली, आणि त्यांनी लेकीला विचारलं, "बाई, पाहुण्यांना पाणी दिलंत का?"

फोन बंद झाला. बायकोने चहा पुढे केला, तो निवून गेला. बाइंडरने कान सोडला नव्हता.